बाभूळ, हिवर की वेडी बाभूळ? झाडांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही काटेरी झाडांचे प्रश्न मागवले होते आणि पत्रं आणि मेसेज मिळून ढीगच आला, त्यातले निम्म्याहून जास्त बाभळीचे आणि तिच्या भाऊबंदांचे. जवळजवळ सगळ्यांनी एकच गोष्ट केलीय, पानाचा क्लोजअप फोटो पाठवलाय, फक्त पानाचा. या झाडांच्या बाबतीत पान सगळ्यात कमी बोलतं आणि काटा, फूल, शेंग, साल हे जास्त बोलतात, त्यामुळे खालच्या बहुतेक उत्तरांमध्ये मी तुम्हाला पानावरून नजर काढून इकडे तिकडे बघायला सांगणार आहे.

प्रश्न : नमस्कार ताई, आमच्या बांधावर दोन मोठी झाडं आहेत. एकाला सगळे बाभूळ म्हणतात आणि दुसऱ्याला आजोबा हिवर म्हणायचे. मला तर दोघांची पानं सेमच वाटतात, मोबाईलवरचं ॲप पण दोन्हीला बाभूळच म्हणतं. पानावरून फरक कळतो का? (एक वाचक, करमाळा)

आजोबांचं बरोबर असणार. करमाळा, नगर, सोलापूर या पट्ट्यात बाभूळ आणि हिवर शेजारी शेजारी उभे असतात आणि जुन्या माणसांना ते लांबून कळतात, पान बघायची गरजच पडत नाही.

आधी पानाचं सांगते. या सगळ्या झाडांचं पान म्हणजे आपण जी बारीक टिकली तोडतो ती नव्हे. मधे एक दांडा, त्याला दोन्ही बाजूंनी जोडीजोडीने फुटलेल्या काड्या, आणि त्या काड्यांवर ओळीने बारीक पानं, हे सगळं मिळून एक पान. बाभळीला या काड्यांच्या साधारण तीन ते सहा-सात जोड्या असतात, हिवराला बऱ्याचदा जास्त, दहा-बारापर्यंत जातात. पण मधल्या आकड्यांवर दोघांची गाठ पडते, एकाच झाडावर कोवळ्या फांदीचं पान वेगळं आणि जुन्या फांदीचं वेगळं, त्यामुळे सहा जोड्या मोजल्या तर तुम्ही काहीच ठरवू शकत नाही. ॲपचा गोंधळ तिथेच होतो.

आता खोड बघा. बाभळीची साल काळपट, खडबडीत, उभ्या खोल भेगा पडलेली. हिवराची साल फिकट, पिवळट पांढरी किंवा राखी, बऱ्यापैकी गुळगुळीत, आणि तिचे पापुद्रे निघतात. हिवर खूप म्हातारा झाला तर बुंध्याची साल काळी आणि खरबरीत होते, तेव्हा बुंधा बघून फसायला होतं, म्हणून वर बघायचं, मधल्या जाडीच्या फांद्या तेव्हाही फिकटच असतात.

आणि फुलं आली की मग प्रश्नच मिटतो. बाभळीचा गोंडा गोल, भडक सोनेरी पिवळा, पानाच्या बगलेतून दोन-तीन-चार असे निघतात, वास गोड. हिवराचे गोंडेही गोलच पण लहान आणि फिके, मलईच्या रंगाचे, आणि ते पानांच्या बगलेत लपत नाहीत तर फांदीच्या टोकाला मोठे फांदोरे येतात आणि त्यावर शेकडो गोंडे लागतात, पावसाळा सरता सरता, ऑगस्टनंतर, सगळं झाड वरून फिकट पिवळं होतं. शेंगांचंही तसंच. बाभळीची शेंग राखाडी, मऊ लव असलेली, दोन बियांच्या मधे आवळलेली, माळेसारखी. शेळ्या जिच्यासाठी झाडाखाली थांबून राहतात तीच. हिवराची शेंग चपटी, बारीक, थोडी वाकडी, तांबूस लवेची, आणि तिला मधे आवळ नसतो.

काट्यांचं एक लक्षात ठेवा, दोघांचे काटे सरळ आणि जोडीने येतात त्यामुळे तिथे फरक शोधू नका, आणि जुन्या बाभळीवर काटे फारच कमी उरतात, लहान रोपावर मात्र बोटाएवढे लांब पांढरे काटे असतात. काटे नाहीत म्हणून बाभूळ नाही असं म्हणणारे बरेच भेटतात. आणि तुमच्याकडे सरूसारखं उभं, फांद्या खोडाला चिकटून वर गेलेलं झाड असेल तर ती रामकाठी, ती पण बाभूळच, फक्त ठेवण वेगळी, शेंग आणि गोंडा तसाच.

हिवराची साल दुष्काळात दळून पिठात घालून माणसांनी खाल्लेली आहे, दारू गाळतानाही ती वापरायचे. बांधावर हिवर आहे तर त्याला राहू द्या, सावली चांगली आणि शेळ्यांना पाला.

प्रश्न : आमचं बारा वर्षं पडीक असलेलं रान साफ करायचं आहे. जेसीबीवाला म्हणतो सगळी वेडी बाभूळ आहे, दोन दिवसात सपाट करून देतो. आई म्हणते त्यात देशी बाभळी पण आहेत. दोन्ही वेगळं कसं ओळखायचं? लवकर सांगा, मशीन बुक केलंय. (बीड जिल्ह्यातून)

मशीन थोडं थांबवा, खरंच. आई म्हणतात ते शंभर टक्के शक्य आहे, पडीक रानात दोन्ही एकत्र वाढतात आणि काटेरी आहे म्हणून सरसकट सगळं उचललं जातं. मराठवाड्यात गावोगाव हेच चाललंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण वेडी बाभूळ काढली तरी ती परत येते, देशी बाभूळ मात्र एकदा मोठी तोडली की बुंध्यापासून नीट फुटत नाही. म्हणजे साफसफाईनंतर दोन-तीन वर्षांनी रानात उरते कोण, तर जिला काढायला गेलो होतो तीच.

ओळखायचं असं. वेडी बाभूळ ही बाभळीच्या कुळातली असली तरी बाभूळ नाही, ती प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा, मूळ अमेरिका खंडातली, आपल्या देशात १८७७च्या सुमाराला आणली गेली, जळणासाठी आणि उजाड जमीन हिरवी करायला. हिच्या बाबतीत पान खरोखर मदत करतं, या सगळ्या घोळात हे एकच झाड असं आहे. मधल्या दांड्याला काड्यांची एकच जोडी असते, फार तर दोन, क्वचित तीन. त्यामुळे पान दुबेळक्यासारखं दिसतं, आणि त्यावरची बारीक पानं बाभळीपेक्षा मोठी, लांबट, एकमेकांपासून सुटी, गडद हिरवी. बाभळीचं पान हातात घेतलं तर पिसासारखं भरगच्च वाटतं, हिचं विरळ वाटतं. एकदा दोन्ही पानं शेजारी ठेवून बघितलीत ना की पुढे चालत्या एसटीतूनही ओळखाल.

फूल तर अजिबातच वेगळं. गोल गोंडा नाहीच, हिरवट पिवळा लांब तुरा, करंगळीएवढा किंवा त्याहून लांब, लोंबता. शेंगा पिवळ्या, चपट्या, जवळजवळ सरळ, आतून गोड गर असलेल्या. जनावरं शेंगा आवडीने खातात पण पाला खात नाहीत, आणि बी शेणातून, लेंड्यांतून गावभर पसरतं, म्हणून तर ती गायरानापासून कालव्याच्या कडेपर्यंत सगळीकडे झाली. उन्हाळ्यात आजूबाजूचं सगळं वाळलेलं असताना जे झुडूप हिरवंगार असेल ते बहुतेक वेळा हीच.

आता काम कसं करायचं. मशीन यायच्या आधी एक दिवस आईला बरोबर घेऊन रानात फिरा आणि ज्या झाडाला काळी भेगाळलेली साल, भरगच्च पान आणि राखाडी आवळलेल्या शेंगा आहेत त्याला चुन्याचा पट्टा मारा, फिकट सालीचं हिवर दिसलं तर त्यालाही. चुना मारलेलं झाड सोडायचं असं ड्रायव्हरला स्पष्ट सांगा आणि स्वतः उभे राहा, कारण ड्रायव्हरला तासाचे पैसे मिळतात, त्याला झाडाशी काही देणंघेणं नाही. वेडी बाभूळ काढताना नुसती वरून कापू नका, जमिनीखाली वीतभर-हातभर जो मुळाचा गड्डा असतो तो उपटून निघाला पाहिजे, नाहीतर एका खोडाच्या जागी दहा फुटवे येतात. आणि पुढची काही वर्षं पावसानंतर येणारी रोपं हाताने उपटावी लागतील, तेवढी तयारी ठेवा.

ठेवलेल्या देशी बाभळी वाया जात नाहीत हे पण सांगते. शेंगा शेळ्यांना, डिंक मिळतो, लाकूड चिवट म्हणून बैलगाडीची चाकं आणि औतं याच लाकडाची व्हायची, मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीत नत्र राहतं. विहिरीवर वाकलेली बाभळीची फांदी असेल तर सुगरणीचे खोपे बहुतेक तिथेच लागतात.

प्रश्न : आमच्या कोकणातल्या जागेत खैर आहे असं शेजारी म्हणतात, एक व्यापारी पण बघून गेला. आम्ही मुंबईत असतो, आम्हाला खैर आणि शिकेकाई यात पण फरक कळत नाही. कृपया मार्गदर्शन करावे. (एक वाचक दाम्पत्य, मूळ गाव संगमेश्वर तालुका)

खैर ओळखायला काटा बघा, सगळ्यात आधी काटा. बाभळीचा काटा सरळ सुईसारखा बाहेर येतो, खैराचा काटा आखूड, तपकिरी, चकचकीत आणि मागे वळलेला असतो, आणि तो पानाच्या बुडाच्या जरा खाली, दोन-दोन असे बसतात. सदरा अडकला तर पुढे ओढून सुटत नाही, मागे जावं लागतं. पान नाजूक, झालरीसारखं, काड्यांच्या दहापासून तीसपर्यंत जोड्या, बाभळीच्या कितीतरी पट. फूल गोल नाही, फिकट पिवळसर पांढरा तुरा, पावसाळ्याच्या सुरुवातीला बघायला मिळतो. शेंग चपटी, पातळ, तपकिरी, टोकाला निमुळती. तुम्ही मे महिन्याच्या सुट्टीऐवजी फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर झाडावर पान नसेल पण वाळलेल्या शेंगा लोंबत असतील, ती पण खूणच.

शिकेकाईचे काटेही आकडेबाजच, म्हणून गोंधळ होतो. पण ती वेल आहे, मोठी जाड वेल, दुसऱ्या झाडांवर चढते, काटे जोडीने न येता देठावर, फांदीवर, पानाच्या दांड्याखाली असे कुठेही विखुरलेले असतात, कोवळा पाला आंबट लागतो आणि फुलाचा गोंडा गोल असतो. शेंग जाड, वाळल्यावर सुरकुतलेली, ती तर तुम्ही दुकानात बघितलीच असेल.

व्यापाऱ्याबद्दल. खैराच्या लाल गाभ्याचे तुकडे उकळून कात काढतात आणि त्यामुळे लाकडाला पैसा आहे, चोरटी तोडही त्यामुळेच होते. खैर हा राज्याच्या १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतला वृक्ष आहे, जागा तुमची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. तोंडी सौदा करू नका, आगाऊ रक्कम घेऊ नका, आधी वनविभागाच्या ऑफिसात जाऊन विचारा. आणि माझं मत विचाराल तर सगळी झाडं एकदम देऊ नका, जाड आहेत ती बियांसाठी राहू द्या.

विदर्भ-खानदेशातल्या वाचकांसाठी एक जोड: खैरासारखा तुरा आणि वळलेला काटा, पण पानाला काड्यांच्या चार-सहाच जोड्या आणि बारीक पानं जरा मोठी, निळसर फिकट, असं झाड दिसलं तर तो सोनखैर, काही ठिकाणी पांढरा खैरही म्हणतात. त्याला फूल उन्हाळ्याच्या तोंडाला येतं.

प्रश्न : टेकडीवर फिरायला जाते तिथे लांब, साध्या, विळ्यासारख्या पानांची झाडं आहेत, पिवळी फुलं येतात, लोक ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतात. पण पान तर बाभळीसारखं अजिबात नाहीये?? मग बाभूळ कशी? (पुण्याहून एक वाचक)

ताई, तुम्ही ज्याला पान म्हणताय ते पान नाहीच. तो पानाचा देठ आहे, पसरट झालेला. पुरावा तुम्हाला स्वतः बघता येईल, त्या झाडाखाली पावसाळ्यात उगवलेलं बोटभर रोप शोधा. पहिली एक-दोन पानं अगदी बाभळीसारखी पिसांची असतात, मग पुढच्या पानाचा देठ जरा रुंद होतो आणि टोकाला थोडी पिसं उरतात, त्याच्या पुढच्याला पिसं गायब आणि नुसता रुंद देठ. एकाच रोपावर तिन्ही पायऱ्या एकाखाली एक दिसतात, लहान मुलांना दाखवायला याच्याइतकी भारी गोष्ट नाही. कोरड्या हवेत पाणी वाचवायला हा रुंद देठ बरा पडतो, आणि उभा बसत असल्यामुळे दुपारचं ऊन थेट अंगावर घेत नाही.

काटे नाहीत, फूल पिवळ्या तुऱ्याचं, शेंगा कानासारख्या वळलेल्या पिळलेल्या आणि काळं बी केशरी दोरीला लटकलेलं. लवकर वाढते म्हणून रस्त्याकडेला, टेकड्यांवर, कोकणात माळावर खूप लावली गेली. तिच्याखाली वाळक्या देठांचा थर साचतो आणि गवत नीट येत नाही, म्हणून नवीन लागवडीत मी तरी ती सुचवणार नाही.

प्रश्न : मी मेलबर्नला असतो. इथे वॅटल नावाची पिवळ्या फुलांची झाडं सगळीकडे आहेत, त्यांचं शास्त्रीय नाव अकेशिया. आणि आता वाचतोय की आपली बाभूळ अकेशिया राहिली नाही. हे काय प्रकरण आहे? (एक वाचक, मेलबर्न)

प्रकरण तुमच्याच शहरात मिटलं. पूर्वी आपली बाभूळ, खैर, आफ्रिकेतली काटेरी झाडं आणि ऑस्ट्रेलियातली हजाराच्या आसपास वॅटल हे सगळं एकाच अकेशिया गटात होतं. अभ्यासातून दिसलं की हे एक कुटुंब नाही, वेगवेगळे गट करायला हवेत. मग जुनं नाव कोणाकडे राहायचं यावर मोठा वाद झाला, २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये ते ऑस्ट्रेलियाच्या झाडांना द्यायचं ठरलं आणि २०११ला मेलबर्नच्या काँग्रेसमध्ये तेच कायम झालं. आपली बाभूळ झाली व्हॅचेलिया निलोटिका, हिवर व्हॅचेलिया ल्युकोफ्लोआ, खैर झाला सेनेगालिया कॅटेच्यू.

आणि हे नुसतं नावाचं नाही हं, ओळखायला कामाचं आहे. व्हॅचेलिया म्हणजे सरळ काट्यांची जोडी आणि गोल गोंडा. सेनेगालिया म्हणजे वळलेला आकडेबाज काटा आणि बहुतेक वेळा लांब तुरा, शिकेकाईचा गोल गोंडा हा अपवाद. तुमच्याकडची अकेशिया म्हणजे बहुतांशी काटे नाहीत आणि पानाऐवजी रुंद देठ. तुमच्याकडे १ सप्टेंबरला वॅटल डे असतो, त्या दिवशी गोल्डन वॅटल जवळून बघा, ते ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय फूल आहे आणि गोंडा अगदी आपल्या बाभळीच्या रंगाचा.

प्रश्न : थंडीत फुलणारी, खूप सुगंधी पिवळी बाभूळ असते का? आमच्या ओढ्याला आहे, झुडूपच आहे, झाड नाही. (नाशिक जिल्हा)

असते, ती देवबाभूळ. फांदी नागमोडी, काटे सरळ, वास बाभळीपेक्षा जास्त. हीसुद्धा मूळची अमेरिकेतली, फ्रान्समध्ये अत्तरासाठी हिची लागवड व्हायची. शेंग फुगीर, गोलसर, गडद तपकिरी, मधे आवळ नाही. फुलावरून पक्कं करायचं असेल तर गोंड्याचा देठ बघा, बाभळीच्या देठावर मधेच कुठेतरी एक बारीक खवल्यांचं कडं असतं, देवबाभळीचं तेच कडं एकदम वर गोंड्याच्या बुडाला चिकटलेलं असतं आणि गोंड्याखाली झाकून जातं. डोळ्यांनी दिसतं, भिंग असलं तर उत्तम.

प्रश्न : दसऱ्याला शमी म्हणून जी फांदी मिळते ती खरी शमी का? (वर्धा)

फांदी बघितल्याशिवाय सांगता येणार नाही पण तपासायला सोपं आहे. शमीचे काटे जोडीने नसतात, आखूड आणि बुडाला रुंद असे फांदीवर दोन पानांच्या मधे सुटे सुटे येतात. पानाला काड्यांच्या बहुतेक दोन जोड्या. शमी ही वेड्या बाभळीची जवळची नातेवाईक त्यामुळे पान थोडं तसंच दिसतं, पण वेड्या बाभळीचा काटा पानाच्या बगलेतच असतो आणि चांगला लांब असतो. काटे जोडीने आणि वळलेले दिसले तर तो खैर.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, सहावी-सातवीच्या मुलांना ही झाडं ओळखायला शिकवायची आहेत. पैसे खर्च न करता काही करता येईल का? (परभणी जिल्हा)

सर, फक्त एक साधं भिंग घ्या, बाकी सगळं गावात आहे. पावसाळ्यात बाभूळ फुललेली असते आणि सुबाभूळ तर जवळजवळ वर्षभर, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये करा. मुलांना तीन फुलं आणायला सांगा, बाभळीचा गोंडा, सुबाभळीचा पांढरा गोंडा आणि मिळाला तर वेड्या बाभळीचा तुरा. कोरा कागद ठेवून गोंडा हळूच मोडायचा. आधी मुलांना कळेल की गोंडा म्हणजे एक फूल नसून कितीतरी बारीक फुलांचा गठ्ठा आहे. त्यातलं एकच बारीक फूल टाचणीने वेगळं करून भिंगाखाली त्याचे पुंकेसर मोजायचे, म्हणजे ते बारीक धागे ज्यांच्या टोकाला परागाचा ठिपका असतो. सुबाभळीच्या एका फुलात दहा भरतील, वेड्या बाभळीच्याही दहा. बाभळीच्या एका फुलात इतके निघतील की मुलं मोजता मोजता भांडतील. गोंड्याचा जो पिवळा रंग आपल्याला दिसतो तो या धाग्यांचाच असतो, पाकळ्या फार लहान असतात.

शिरीष जवळ असेल तर त्याचंही एक फूल घ्या. त्याला पण पुंकेसर पुष्कळ, पण ते बुडाशी एकमेकांना जोडून नळी झालेली असते, बाभळीचे सुटे असतात. दोन धागे वेगळे ओढून बघितले की लगेच कळतं.

नंतर प्रत्येक गटाला एक झाड वाटून द्या आणि वहीत काटा, साल, फूल, शेंग यांची चित्रं काढायला लावा, पान शेवटी. सुबाभळीला काटा नाही हे मुलं स्वतः शोधतील. शेळ्या राखणारी मुलं वर्गात असतील तर त्यांना पुढे बोलवा, कोणत्या झाडाचा पाला शेळी खाते आणि कोणत्याचा नाही हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. मुलं चपला घालूनच येऊ देत, वाळके काटे पावसाळ्यात गवतात दिसत नाहीत. वहीतल्या चित्रांचे फोटो आमच्याकडे पाठवा, बरोबर फुलाचा, शेंगेचा, खोडाच्या सालीचा आणि काटा असलेल्या फांदीचा असे चार फोटो आले तर पुढच्या अंकात नावासकट उत्तर देता येईल.